उगम, रेटा, हेतू, विषय: प्रेरणा-सिद्धांताचा उपचारातला उपयोग

मनोविश्लेषणातला प्रेरणा-सिद्धांत, म्हणजे शरीरातून उठणाऱ्या मागण्या मनाला चालवतात हे म्हणणं, आज बहुतेक प्रशिक्षणांत इतिहास म्हणून शिकवला जातो. मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडने मांडला, पुढच्यांनी खोडला, विषय संपला. माझं मत वेगळं आहे. खोडण्यासारखा होता तो त्यातला ऊर्जेचा हिशेब. प्रेरणेची जी रचना फ्रॉइडने दाखवली ती मात्र उपचार करताना रोज लागते, आणि ती बाजूला ठेवली की पेशंटच्या शरीराकडे आपलं लक्षच जात नाही.

१९१५ च्या निबंधात फ्रॉइडने प्रेरणेची चार अंगं सांगितली. उगम, म्हणजे शरीरातली ती जागा जिथून मागणी उठते. रेटा, म्हणजे त्या मागणीचा जोर. हेतू, म्हणजे समाधान, ताण उतरणं. आणि विषय, म्हणजे ज्याच्या आधारे ते समाधान मिळतं ती वस्तू किंवा व्यक्ती. यातलं सगळ्यात बदलतं अंग विषय, असं त्याने स्पष्ट लिहिलं आहे. प्रेरणेचं पुढे काय होतं, याच्या चार वाटाही त्याने दिल्या: उलट रूप घेणं, स्वतःकडे वळणं, दमन (जाणिवेबाहेर दाबलं जाणं) आणि उदात्तीकरण (कला, अभ्यास अशा मान्य कामाकडे वळणं).

अडचण झाली ती ऊर्जेच्या हिशेबामागच्या कुकरच्या चित्रामुळे: आत वाफ साठते, शिट्टी झाली की मोकळं. मन असं चालत नाही. एडिंबरोचा मनोविश्लेषक फेअरबेर्न याने १९४० च्या दशकात सांगितलं की माणूस मुळात सुख शोधत नाही, माणूस शोधतो. मूल आणि आई यांच्या जवळिकीचा अभ्यास करणाऱ्या मनोविश्लेषक बोल्बीने दाखवलं की मुलाची आईशी जवळीक नुसत्या दुधापोटी नसते. दोघांचंही बरोबर होतं. पुढे मेंदूशास्त्रज्ञ पँकसेपने सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सात मूलभूत भावयंत्रणा मांडल्या. राग, भीती, ताटातुटीचं दुःख, खेळ या त्यातल्याच. त्यांच्याच आधारे मनोविश्लेषक आणि मेंदू-अभ्यासक मार्क सोल्म्सने प्रेरणा-सिद्धांताची फेरमांडणी केली. म्हणजे फ्रॉइडने नंतर मांडलेल्या जीवन आणि मृत्यू या दोनच प्रेरणा धरून बसायचं कारण उरलं नाही. पण प्रेरणा दोन माना की सात, पेशंटसमोर बसल्यावर प्रश्न तेच चार राहतात.

केस उपटण्याच्या सवयीचं उदाहरण घेऊ. पेशंट इथे कल्पित आहे, तपशील मात्र या त्रासात नेहमी दिसणारे. तिशीतली बाई. संध्याकाळी एकटी बसली की बोटं टाळूवरून फिरत राहतात, एखादा राठ केस शोधतात, तो उपटतात आणि मुळाकडचं टोक ओठांवरून फिरवतात. क्षणभर बरं वाटतं, मग लाज.

आधी अर्थ लावू नका, तपासून घ्या. टक्कल उपटण्यामुळे आहे की चाई (केस आपोआप गळण्याचा आजार) आहे, हे त्वचारोगतज्ज्ञाने सांगायचं. केस गिळले जातात का, हे थेट विचारा. गिळत असेल आणि पोटदुखी किंवा उलट्या असतील, तर पोटात केसांचा गोळा असू शकतो आणि ते काम डॉक्टरचं आहे. सवय-बदलाचं प्रशिक्षण (सवयीची चाहूल ओळखून हाताला दुसरं काम द्यायला शिकणं) या त्रासावर उपयोगी ठरलं आहे. ते सोबत चालू द्या, मनोविश्लेषणाला त्याने बाध येत नाही.

मग पहिल्या तीन-चार सत्रांत चार प्रश्न. उगम: नेमकं कुठे सुरू होतं, टाळूला की ओठांना? इथे ओठ महत्त्वाचे निघतात, आणि फक्त डोक्याबद्दल विचारणाऱ्याला ते कधीच कळत नाही. रेटा: कधी वाढतो? ‘टेन्शन आलं की’ या उत्तरावर थांबू नका. कोणाचा फोन येऊन गेल्यावर, किती मिनिटांनी? विषय: कुठलाही केस चालतो की राठच लागतो? हेतू: उपटल्यावर काय शांत होतं, आणि किती वेळ?

सगळ्यात जास्त चूक होते ती घाईत. तिसऱ्याच सत्रात ‘आईवरचा राग तुम्ही स्वतःवर काढताय’ असं सांगितलं की पेशंट मान डोलावते आणि त्या रात्री जास्त केस उपटते. वाक्य खोटं नसेलही. पण विषय आपण तिच्या हातात आयता दिला, आणि रेटा होता तिथेच राहिला. माझा क्रम असा: आधी रेटा बोलून दाखवायचा, ‘आईच्या फोनचं बोलणं निघालं आणि हात केसांकडे गेला’. हेतू त्यानंतर. विषय सर्वांत शेवटी, आणि तोही तिनेच सुचवल्यावर.

दुसरी चूक उलट्या टोकाची: सगळं नात्याच्या भाषेत बसवणं. तुमची सुट्टी जाहीर झाली आणि हात डोक्याकडे गेला, तर त्यात ताटातुटीचं दुःख आहे आणि रागही आहे. दुःखाला धीर देणं सोपं असतं म्हणून राग ऐकायचा राहून जातो, आणि तोच स्वतःकडे वळतो. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. प्रत्येक इच्छेला तिची उलट इच्छा जोडलेली असते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पेशंटला ते कल्पनेत दुसऱ्या बाजूला उभं करत. इथे ते फार कामाचं आहे: उपटणारा हात कोणाचा वाटतो, आणि ज्याचा केस जातो तो कोण? दोन्ही जागांवरून बोलू द्या, पण ती रडू लागली तर दुसरी जागा त्या दिवशी सोडून द्या.

केस उपटणं अचानक बंद झालं, तर निदान पुढची दोन सत्रं रेटा कुठे गेला ते विचारत राहा. नखं, रात्रीचं खाणं, ऑनलाइन खरेदी, हे सगळं नावं घेऊन विचारा, कारण पेशंट ते आपणहून सांगत नाही. तिच्या दृष्टीने तो त्रास वेगळा असतो.