एका बोकडाच्या बदल्यात

[रविवार सकाळ. मटणाचं दुकान, शेजारी चिकनचं दुकान. दोन्हींपुढे गर्दी.]

मटणापुढची रांग आखूड आहे, चिकनपुढची लांब. मटणाचा भाव ऐकूनच माणूस शेजारी सरकतो. कुणाला डॉक्टरांनी लाल मांस कमी करायला सांगितलंय, कुणाच्या मुलांना बोनलेसशिवाय चालत नाही. देशात तयार होणाऱ्या मांसातला जवळपास निम्मा वाटा आता कोंबडीचा आहे.

यात एक हिशेब सहसा कुणी मांडत नाही. एका बोकडाचं साधारण बारा किलो मटण पडतं. ब्रॉयलर कोंबडी साफ केल्यावर उरते दीड किलोच्या आसपास. म्हणजे तेवढंच मांस हवं तर एका बोकडाच्या जागी आठ कोंबड्या. शिवाय बोकड निदान बांधाबांधानं चरलेला असतो, उड्या मारलेला असतो. कोंबडीनं आभाळ पाहिलेलं असेलच असं नाही. जगात वर्षाला 7000 कोटींहून जास्त कोंबड्या कापल्या जातात, त्या बहुतेक अशाच.

मांस कमी खा, असं सांगणाऱ्यांनी नेमकं काय कमी करायचं ते आधी ठरवायला हवं.

[केंब्रिज. कॉलेजची भोजनगृहं, ट्रे घेतलेले विद्यार्थी.]

इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठानं 2016 मध्ये स्वतःच्या कॅन्टीनमधून गोमांस आणि मेंढीचं मांस काढून टाकलं. त्यासाठी पोस्टर लावून प्रबोधन करत बसले नाहीत. स्वयंपाक्यांना शाकाहारी पदार्थ नीट शिकवले आणि ते काउंटरवर पुढे मांडले. तीन वर्षांनी विद्यापीठानं आकडे जाहीर केले: खरेदी केलेल्या दर किलो अन्नामागे कार्बन उत्सर्जन 33 टक्क्यांनी घटलं होतं.

तिथल्याच संशोधकांनी कॉलेजच्या भोजनगृहांतली 94 हजारांहून जास्त जेवणं तपासली. चारांत एक पदार्थ शाकाहारी होता, तिथे चारांत दोन केले. एवढ्यानं शाकाहारी जेवणांची विक्री 41 ते 79 टक्क्यांनी वाढली. आणि सर्वांत जास्त बदलले ते एरवी मांसाशिवाय न जेवणारे! एकूण गल्ला कमी झाला नाही. दुपारी भाजी खाल्ली म्हणून रात्री भरपाई केली, असंही फारसं दिसलं नाही.

दुसऱ्या प्रयोगात त्यांनी फक्त मांडणीचा क्रम बदलला, शाकाहारी पदार्थ रांगेत आधी ठेवला. एका कॉलेजात दोन पदार्थांमध्ये 181 सेंटीमीटर अंतर होतं, तिथे फरक पडला. दुसरीकडे 85 सेंटीमीटरच होतं, तिथे काहीच झालं नाही. दोन्ही भांडी एका नजरेत दिसली की माणूस ठरवून आलेलाच पदार्थ उचलतो. वर्षानुवर्षांची भाषणं एकीकडे आणि हे हातभर अंतर एकीकडे.

पण हवामानासाठी बरोबर असलेली गोष्ट प्राण्यांसाठी उलटी पडू शकते. बीफ सोडून माणूस राजम्याकडे वळला तर दोन्ही साधलं. चिकनकडे वळला तर कार्बन घटतो आणि मारले जाणारे जीव वाढतात, कारण एका गाईगुरामागे शंभराहून जास्त कोंबड्या लागतात. मोहिमेच्या पत्रकांत ही ओळ क्वचितच सापडते.

[ब्रॉयलर शेड. तुसावर बसलेले पक्षी, जवळून.]

ही कोंबडी कशी घडली तेही पाहू. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात 1957 चा वाण आणि 2005 चा वाण शेजारी-शेजारी वाढवला. खाद्य तेच. 56 दिवसांनी जुन्या वाणाच्या पक्ष्याचं वजन 905 ग्रॅम भरलं, नव्याचं 4202 ग्रॅम. इतकी छाती इतक्या लवकर वाढली की पाय आणि हृदय मागे राहतं. म्हणून शेडमधले पक्षी शेवटच्या आठवड्यात चालण्यापेक्षा बसलेलेच जास्त दिसतात. दार उघडून दिलं, जागा वाढवली तरी हा त्रास सुटत नाही, कारण तो वाणातच भरलेला आहे.

नेदरलँड्सनं नेमकं इथेच बोट ठेवलं. तिथल्या वाकर दीर या संघटनेनं सुपरमार्केटांच्या मागे लागून, जाहिरातींतून नावं घेऊन, झटपट वाढणाऱ्या कोंबडीची लाज वाटायला लावली. मग एकेक दुकानसाखळी सावकाश वाढणाऱ्या वाणाकडे वळली. तिथल्या प्राणिकल्याणाच्या लेबलवर एक चांदणी मिळवायची तर पक्षी किमान 56 दिवस वाढवावा लागतो, आणि 2023 अखेर डच सुपरमार्केटांतलं ताजं चिकन या पातळीवर आलं. निर्यातीच्या मालाला मात्र ही अट नाही. म्हणजे लाज देशाच्या हद्दीपर्यंतच.

[पिंजऱ्यांच्या रांगा. अंडी घरंगळत पुढे येतात.]

अंड्याच्या कोंबडीची गोष्ट वेगळी. तिचा प्रश्न पिंजऱ्याचा. स्वित्झर्लंडच्या नागरिकांनी 1978 मध्ये सार्वमत घेऊन प्राणिसंरक्षण कायदा मंजूर केला. शेतकऱ्यांना दहा वर्षांची मुदत मिळाली आणि 1992 पासून बॅटरी पिंजरे, म्हणजे ओळीनं रचलेले अरुंद पिंजरे, गेले. युरोपीय संघानं 1999 मध्ये ठरवलं, 2012 पासून लागू केलं, पण तिथे थोडे मोठे, सुधारित पिंजरे चालतात. ते काढा म्हणून सुमारे चौदा लाख सह्या गोळा झाल्या, युरोपीय आयोगानं 2023 पर्यंत प्रस्ताव आणण्याचं आश्वासन दिलं, आणि ते वर्ष प्रस्तावाविना गेलं.

आपल्याकडे 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचं 11 वं कलम सांगतं की पिंजऱ्यात प्राण्याला हालचाल करण्याइतकी लांबी-रुंदी-उंची हवी. प्रत्यक्षात कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदाहून कमी जागा येते. पंखही पसरत नाहीत. विधी आयोगानं 2017 मध्ये 269 वा अहवाल देऊन नियमांचा मसुदाच पुढे ठेवला होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलू. आपल्या देशात 'मांस कमी करा' हे वाक्य कुणाच्या तोंडून येतं, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. ताटावरून जात ओळखली जाते, घर भाड्यानं मिळत नाही. शाळेतल्या पोराच्या ताटातलं अंडं काढून प्राण्यांचं भलं होणार नाही, पोराचं नुकसान मात्र होईल. पिंजरा बदला, अंडं राहू द्या.

[महामार्गावरचा ढाबा. तव्यावर रोट्या, पातेल्यात अख्खा मसूर.]

केंब्रिजचा धडा आपल्याकडे कुठे दिसतो? इस्लामपूर-कोल्हापूर पट्ट्यात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या मुलखात लोक अख्खा मसूर हट्टानं मागवतात. कुणी संकल्प केलेला नसतो. तो तिखट आहे, चमचमीत आहे, मटणाच्या शेजारी मान खाली घालून बसत नाही. उलट बहुतेक हॉस्टेलच्या मेसमध्ये 'व्हेज' म्हणजे पाणचट भाजी आणि चार पनीरचे तुकडे. असं असेल तर पोरं श्रावणातही तोंड वाकडं करणारच. काळ्या वाटाण्याचं सांबारं, मटणाच्या वाटणातली फणसाची भाजी, खेकडा भजी, झुणका, शेंगोळे, एवढं सगळं घरात असून मेसच्या यादीत एकही नाही.

श्रावणात चिकनची मागणी पडते आणि दर कोसळतो. तो फटका बसतो शेडवाल्याला. करार पद्धतीत पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, वीज, तूस आणि मेहनत शेतकऱ्याची. लिफ्टिंग झालं, म्हणजे कंपनीनं तयार पक्षी उचलले, की किलोमागे मोबदला. कंपनीनं पुढची बॅच लांबवली तर शेड रिकामं, कर्जाचा हप्ता चालूच.

सावकाश वाढणारी कोंबडी आणा म्हणताना हाच माणूस समोर ठेवावा लागतो. चाळीस दिवसांची बॅच आणि पंधरा दिवस शेडची सफाई, म्हणजे वर्षाला सहा बॅचा. छप्पन्न दिवस धरले तर पाच. खाद्यही जास्त लागतं. मोबदला आजच्याच दरानं, आजच्याच किलोवर मोजला तर शेतकरी एका बॅचचं नुकसान का सोसेल? त्यामुळे करारातला दर दिवसांवर किंवा शेडच्या क्षेत्रफळावर बांधावा लागेल, आणि वाढीव खर्चातला किती वाटा कंपनी उचलेल, किती गिऱ्हाईक, हे पक्षी बदलण्याआधी कागदावर यायला हवं.