कॅन्टीनमागचं बाकडं

नमस्कार श्रोतेहो. कामावरचा ताण आणि समुपदेशन, असा आजचा विषय. ताण म्हणजे काय हे कॅनिंगच्या सीझनमध्ये पाळी केलेल्यांना मी काय सांगणार! पिकलेला आंबा कुणासाठी थांबत नाही.

अशाच एका कारखान्यात मी फेब्रुवारीपासून दर बुधवारी समुपदेशनाला जात होते. खोली मिळाली मॅनेजरांच्या केबिनला लागून. काचेचं दार, वर ठळक पाटी. दोन महिने कुणी फिरकलं नाही. मी शब्दकोडी सोडवली. आत कोण शिरलं ते अख्ख्या आवाराला दिसणार, आणि आपल्याकडची थट्टा ठरलेली, ‘ह्येका रत्नागिरीक धाडूक व्हया!’ तिथलं मनोरुग्णालय 1886 सालचं, म्हणजे थट्टाही तेवढीच जुनी असावी.

शेवटी कॅन्टीनच्या काकीच म्हणाल्या, ‘मॅडम, हय कोण येवचो नाय. माझ्या बाकड्यार येवन बसा.’

बसले. मागच्या बाजूला, फणसाखाली. तिसऱ्या बुधवारी सीलिंग मशीनवरचा एकजण चहा घेऊन शेजारी टेकला. गळक्या डब्यांवरून त्याला दोन मेमो मिळाले होते. बोलेना. पण उजवा अंगठा ग्लासाच्या कडेवरून गोल गोल फिरत होता, डब्याची कड तपासतात तसा. मी विचारलं, ‘झोप किती होते?’ म्हणाला, ‘आवशीक बरा नाय. दिवसा तिचा बघूचा, रातीक हय.’ मग अर्धा तास तोच बोलला. चहा गार झाला.

‘मॅनेजरांना काय सांगू?’ हे मी त्यालाच विचारलं. रातपाळी बदला, एवढंच सांगायचं ठरलं. आईचं नाव काढलं नाही. पाळी बदलली, डबे गळायचे थांबले. मेमो मात्र फायलीत तसेच आहेत. ते काढायला साहेब तयार झाले नाहीत.

तर मालकमंडळी, ऐकताय ना? ऐकलेलं बाहेर जाता कामा नये. पुन्हा सांगते, बाहेर जाता कामा नये, साहेबांपर्यंतसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याला, आजार म्हटलं नाही, कामातून येणारी अवस्था म्हटलं. मग नुसता माणूस बदलून कसं चालेल? पाळीही बदलायला हवी. आणि ते टाळ्या वाजवायला लावणारे प्रेरणादायी वक्ते कृपा करून बोलावू नका. त्या पैशांत पॅकिंगला दोन पंखे बसतील.

जवळ समुपदेशक नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नंबर 14416. लिहून घ्या, एक चार चार एक सहा.

आमच्या बाकड्यावर आता पाऊस गळतो. दोन पत्रे मागितलेत, अजून आलेले नाहीत. नमस्कार.