माइल्स डेव्हिस: त्रेचाळिसाव्या वर्षी मोडलेली घडी

१९ ऑगस्ट १९६९, मंगळवार, न्यूयॉर्क. आदल्याच दिवशी सकाळी वुडस्टॉकच्या रॉक महोत्सवात स्टेजवर जिमी हेंड्रिक्सची गिटार वाजून गेलीय, आणि इकडे कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत एक ४३ वर्षांचा माणूस ट्रम्पेट घेऊन उभा आहे. जॅझवाला माइल्स डेव्हिस.

आता हा माणूस कोण, तर विशीच्या आतच जॅझमधला थोर सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर याच्या शेजारी उभं राहून वाजवलेला, आणि १९५९ चा त्याचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम तर जॅझ फारसं न ऐकणाऱ्यांच्या घरातसुद्धा सापडतो. म्हणजे तेच वाजवत बसला असता तरी आयुष्यभर लोक ऐकायला आले असते. पण त्याला दिसत होतं की तरुण पोरं जॅझच्या क्लबात येतच नाहीयेत, ती रॉक आणि फंक, म्हणजे ठेक्यावर नाचायला लावणारं संगीत, ऐकतायत. १९६८ मध्ये त्याचं बेटी मॅब्रीशी लग्न झालं, ती त्याच्यापेक्षा बरीच लहान, स्वतः गाणारी, आणि हेंड्रिक्स, फंकवाला स्लाय स्टोन हे सगळं तिच्यामुळे त्याच्या घरात वाजायला लागलं. त्याचे कपडेसुद्धा बदलले, जुन्या फोटोंतला सूट-टायवाला माइल्स आठवा आणि मग हे बघा.

१९ ऑगस्टपासून तीन दिवस रेकॉर्डिंग चाललं, त्यात पूर्ण लिहिलेलं असं फार थोडं होतं. दोन-चार सूर, एखादी बेसची ओळ, बाकी माइल्स हाताने खुणा करणार, आता तू, आता तू थांब, आणि टेप चालूच. दोन ड्रमर एकाच वेळी, त्यातला लेनी व्हाइट फक्त १९ वर्षांचा! दोन बेस, एक उभा लाकडी आणि एक इलेक्ट्रिक. इलेक्ट्रिक पियानो दोन, कधी तीन. बेनी मॉपिनचं बेस क्लॅरिनेट खालून घुमतंय. हेडफोन लावून ऐका, लेनी डाव्या कानात आणि दुसरा ड्रमर जॅक डीजॉनेट उजव्या कानात, आणि मधे माइल्स.

मग ती टेप गेली प्रोड्यूसर टिओ मॅसेरोकडे. त्याने ती कापली, जोडली, एकच तुकडा परत परत लावला, ट्रम्पेटवर एको चढवला, म्हणजे रेकॉर्डवर जे ऐकू येतं त्यातलं बरंच त्या क्रमाने स्टुडिओत कधी वाजलंच नव्हतं. जॅझमध्ये हे म्हणजे पापच! मार्च १९७० मध्ये 'बिचेस ब्रू' आला, डबल अल्बम, नुसतं टायटलचं गाणं २७ मिनिटांचं. जुने जाणकार चिडले, माइल्स पैशासाठी विकला गेला म्हणाले. मला हे कधीच पटलं नाही, कारण पैसे कमवायला कोणी २७ मिनिटांचं, धड चाल नसलेलं गाणं करत नाही हो. आणि नीट ऐकलं तर ट्रम्पेट तोच आहे, ते थोडेच सूर, ती मधली शांतता, भोवतालचं मात्र सगळं बदललेलं.

त्या खोलीतले बाकीचे लोकही मग कुठच्या कुठे गेले. वेन शॉर्टर आणि जो झाविनुलने वेदर रिपोर्ट हा बँड काढला, चिक कोरियाने रिटर्न टू फॉरएव्हर. गिटारवाला जॉन मॅकलॉफ्लिन आधी महाविष्णू ऑर्केस्ट्रा आणि मग थेट आपल्या माहीमच्या झाकीरभाईंबरोबर 'शक्ती' या बँडमध्ये. स्वतः माइल्सनेही १९७२ च्या 'ऑन द कॉर्नर'मध्ये बादल रॉयचा तबला घेतला.

पण त्याआधीचं हे दृश्य बघा. ऑगस्ट १९७०, इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावरचा संगीत महोत्सव, समोर लाखोंची गर्दी, सगळी रॉक ऐकायला आलेली. लाल लेदरचं जॅकेट घातलेला माइल्स येतो, कोणाशी एक शब्द बोलत नाही, न थांबता जेमतेम ३५-४० मिनिटं वाजवतो, आणि बँड वाजवत असतानाच सामान उचलून निघून जातो. नंतर काय वाजवलं विचारलं तर म्हणाला, काहीही म्हणा.