पिकअपच्या डिफरन्सलचं ऑइल घरीच कसं पाहाचं? नाल्यातून गाडी काढली असन तं नक्की पाहा

राम राम मंडळी. आज मी गाडीच्या खाली झोपून व्हिडिओ बनवून राहिलो, त्यामुळे आवाज थोडा घुमन. मागच्या दोन चाकांच्या मधात हा जो लोखंडाचा गोल पेटारा दिसून राहिला ना, त्याले कोणी हाउसिंग म्हणते, कोणी डिफरन्सल. याच्यातलं ऑइल आपण कधीच पाहत नाई. इंजिन ऑइलची दांडी रोज सकाळी काढून पाहतो, याले दांडीच नाई म्हणून हे राहून जाते.

माझ्यासोबत काय झालं ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात खताचे पोते घेऊन येत होतो, नाल्याले पाणी आलं होतं, समोर ट्रॅक्टर फसला अन् माझी पिकअप दहा-पंधरा मिनिटं तशीच पाण्यात उभी, मागचा अ‍ॅक्सल पूर्ण बुडालेला. पुढं सर्व्हिसिंगले टाकली, कागदावर लिहून आलं की गेअर ऑइल चेक केलं, ओके हाय. दिवाळीनंतर कापूस भरून वडकीवरून हिंगणघाटले चाललो तं 50 च्या वर स्पीड गेली की मागून हूंऽऽ असा आवाज, अ‍ॅक्सिलेटर सोडला की आवाज बदले. घरी येऊन खाली शिरलो अन् पाहतो तं ऑइल भराच्या बुचाच्या चारही बाजूनं नाल्याचा चिखल वाळून घट्ट बसलेला, पान्याचा एक ओरखडा नाई. म्हणजे बूच कोणी खोललंच नव्हतं! खोललं तं आतून ऑइल नाई, ताक निंगलं. पिनियनचे, म्हणजे इंजिनचा जोर आत आणणाऱ्या लहान गेअरचे बेअरिंग गेले, क्राऊन-पिनियन, म्हणजे मोठ्या-लहान गेअरची जोडीच बदलवावं लागली, त्या सीझनच्या भाड्याचा पैसा त्याच्यातच गेला. म्हणून सांगतो भाऊ, बूच खोललेलं सोताच्या डोळ्यानं पाहा.

आता पाणी आत जाते कसं, हे समजून घ्या. बैलबंडीचं प्रत्येक चाक आसावर आपापलं फिरते, वळणावर बाहेरचं जास्त फिरते, आतलं कमी, काही अडचण नाई. पिकअपमधी दोन्ही मागच्या चाकांले इंजिनचा जोर द्या लागते अन् वळणावर कमी-जास्त फिरूही द्या लागते, ते काम या पेटाऱ्यातले गेअर करते. चालून चालून हा पेटारा गरम होते, आतली हवा फुगते, ती जायले वर एक बारीक नळी देली असते, तिले ब्रीदर म्हणते. गरम पेटारा थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते अन् ब्रीदरमधून नाईतर सीलमधून, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यातून पाणी आत ओढल्या जाते. अन् आपल्या काळ्या मातीनं ब्रीदर बुजला तं उलटं होते, आत प्रेशर बनते, ऑइल सीलमधून बाहेर येते, चाकाकडून निंगलं तं थेट ब्रेकच्या लायनरवर. भरल्या गाडीले ब्रेक लागला नाई तं काय होईन, इचार करा. म्हणून ब्रीदरची टोपी बोटानं फिरवून पाहा, मोकळी पायजे.

चला चेक करू. गाडी सपाट जागेवर पायजे, एकाच बाजूनं जॅक लावून लेव्हल कधीच बराबर येत नाई. हँडब्रेक, गेअर, चाकाले दगड. दोन बूच असते, एक बाजूले, अर्ध्या उंचीच्या आसपास, हे भरायचं, अन् एक बुडाले, खाली करायचं. पहिले वरचंच बूच खोला. खालचं पहिले खोललं, सारं ऑइल सांडलं, अन् मग समजलं की वरचं जाम हाय, तं गाडी जागेवरच बसन. बूच खोलायच्या आधी ब्रशनं चिखल साफ करा, नाईतर तोच आत जाते.

हे पाहा, बोट टाकतो. ऑइल छेदाच्या खालच्या काठाले लागलं पायजे, थोडं बाहेर ओघळलं तं बेस्टच. बोटाचं एक पेर खाली गेलं तरी नाई लागलं, तं कमी हाय. आत मोठा क्राऊन गेअर फिरताना ऑइल उडवते अन् ते वाहून पिनियनच्या बेअरिंगले भेटते, लेव्हल पडली की पहिला मार त्याच बेअरिंगले. पण नुसतं टॉप-अप मारून मोकळे होऊ नका, ऑइल काही उडून जात नाई, सील पाहा, हाउसिंगवर ओली माती चिकटली काय पाहा.

आता बोटावर घासून पाहा. काळं असलं तरी चालते. गंधकाचा वास नवीन ऑइललेही येते, त्याले घाबरू नका. पांढरट, दुधाळ असन तं पाणी गेलं, मग किलोमीटर मोजत बसू नका, त्याच दिवशी बदलवा. बुचाच्या चुंबकावर राखेसारखा बारीक लेप असतेच, पण नखाएवढा लोखंडाचा तुकडा भेटला तं गाडी चालवू नका, मिस्त्रीले दाखवा.

ऑइल कोणतं टाकाचं? बहुतेक पिकअपले 80डब्ल्यू-90 नाईतर 85डब्ल्यू-140 (हा ऑइलच्या जाडीचा नंबर), ग्रेड जीएल-5, नक्की कोणतं ते गाडीसोबतच्या पुस्तकात असते, तेच टाका. याच्यातले दात एकमेकांवर घसरत फिरते, म्हणून जीएल-5 चा जोर लागते. पण तेच उरलेलं ऑइल गेअरबॉक्समधी ढकलू नका, पुस्तकात जीएल-4 लिहिलं असन तं आतल्या पितळी रिंगांले ते सोसत नाई. अन् ट्रॅक्टरच्या ऑइलचा डबा घरात हाय म्हणून तो तं याच्यात बिलकुल नाई.

खाली करताना दहा-बारा किलोमीटर फिरवून आणा, गरम ऑइल पूर्ण निंगते. खालचं बूच नवीन वॉशर टाकून लावा, मग पिचकारीनं भरत जा, छेदातून ओघळलं की थांबा, थंडीत डबा तासभर उन्हात ठेवला तं सोपं जाते. बदली किती किलोमीटरनं, ते पुस्तकात हाय, पण नाल्या-शेतातून रोज भरून चालते त्याले त्याच्या आधीच करा लागते, मी तं आता पावसाळा संपला की कापूस वेचणीच्या आधी बूच खोलतोच.

जुनं ऑइल मी या कॅनमधी भरून राहिलो, गावात भंगारवाला येते त्याले देतो, विहिरीजवळ नाई सांडत. तुमच्या गाडीत काय रंगाचं निंगलं ते कमेंटमधी फोटोसकट टाका, मी पाहून सांगतो.