सीझन सुरू असतानाची विश्रांती

(चार्टर्ड अकाउंटंट आणि करसल्लागारांच्या मेळाव्यात एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. हे व्याख्यान खरं तर सप्टेंबरात व्हायला हवं होतं. पण सप्टेंबरात तुमच्यापैकी कोणीही फिरकलं नसतं, हे आयोजकांनाही ठाऊक होतं आणि मलाही. म्हणून रिटर्न आणि ऑडिटचा सीझन उरकल्यावर आपण त्या सीझनमधल्या दमणुकीविषयी आणि विश्रांतीविषयी बोलतोय.

मी औद्योगिक आरोग्य पाहणारी डॉक्टर. कारखान्यातल्या माणसांचे कान, फुप्फुसं, कंबर तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. मशीनवरच्या माणसाचं एक बरं असतं. आवाज किती, धूळ किती, पाळी किती तासांची, हे सगळं मोजता येतं. 1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घालून ठेवली. तुम्हाला ती कोण घालणार? तुमच्याकडे मालकही तुम्हीच आणि रात्रपाळीचा कामगारही तुम्हीच.

2025 चंच वर्ष घ्या. ऑडिट नसलेल्यांच्या इन्कम टॅक्स रिटर्नची 31 जुलै ही तारीख मे महिन्यातच 15 सप्टेंबरवर गेली. मग 15 सप्टेंबरच्या रात्री, बारा वाजायला काही मिनिटं असताना, आणखी एक दिवस मिळाला. टॅक्स ऑडिटची 30 सप्टेंबर आधी 31 ऑक्टोबर झाली, मग 10 नोव्हेंबर. ऑडिटवाल्यांची रिटर्न 10 डिसेंबरपर्यंत गेली. बाहेरच्याला वाटतं, केवढी सवलत! पण ज्याने आधीच रात्री जागून फायली संपवल्या, त्याला ती झोप कोणी परत दिली नाही. ज्याने मुदतवाढीवर भरवसा ठेवला, त्याचं निम्मं लक्ष आठवडाभर मोबाइलवर, सर्क्युलर आलं का बघण्यात. आणि ज्या क्लायंटने मार्चपासून बँक स्टेटमेंट दिलेलं नव्हतं, तो म्हणाला, "आता आहे की वेळ, साहेब."

म्हणजे सीझन संपला की झोपू, सीझन संपला की कोकणात जाऊ, हा जो तुमचा बेत असतो, त्यातला 'संपला की' हाच भाग आता भरवशाचा राहिलेला नाही. आणि समजा गेलातही कोकणात. सुट्टीवर झालेले अभ्यास सांगतात की सुट्टीने बरं वाटतं हे खरं, पण कामावर परतल्यावर काही आठवड्यांत तो परिणाम ओसरतो. सुट्टी घेऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर घ्या. फक्त आठ महिन्यांची थकबाकी आठ दिवसांत फेडण्याचं काम तिला सांगू नका.

आता बर्नआउट म्हणजे नक्की काय, ते थोडक्यात. 1974 साली न्यूयॉर्कमधल्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने यावर पहिला गाजलेला लेख लिहिला. मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणारी माणसं, तो स्वतःही त्यातलाच, वर्षभरात कशी विझत जातात, हे त्याने मांडलं. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्तिना मास्लाक यांनी 1981 मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यात तीन गोष्टी पाहतात. कामाने आलेली, विश्रांतीनेही न हटणारी दमणूक. कामाविषयी आणि माणसांविषयी आलेला तुटकपणा. आणि आपल्याकडून काही धड होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये याची नोंद घेताना हा आजार नाही, कामाच्या जागी तयार होणारी अवस्था आहे, असं म्हटलं. माझ्या मते हे बरोबर आहे, कारण त्यामुळे बोट नुसतं माणसाकडे न जाता कामाकडेही जातं.

हुशार, नावाजलेल्या लोकांच्या बाबतीत मला वेगळंच दिसतं. त्यांचं काम शेवटपर्यंत थांबत नाही. फायली वेळेत जातात, यूडीन, म्हणजे सही केलेल्या कागदाचे ओळख क्रमांक, निघतात, नोटिशींना उत्तरं जातात. बिघडतो तो दुसरा भाग, तुटकपणा. माझ्याकडे रक्तदाबासाठी येणारे एक ज्येष्ठ सीए आहेत. गावात मोठं नाव. ते एकदा म्हणाले, "डॉक्टर, पूर्वी माणूस केबिनमध्ये आला की मी त्याच्या धंद्याचं विचारायचो. आता तो बसायच्या आत मला वाटतं, हा उठणार कधी." त्यांचा त्या वर्षीचा टर्नओव्हर सगळ्यात जास्त होता. बाहेरून पाहणाऱ्याला हे कळणारच नाही. बायकोला कळतं, हाताखाली शिकणाऱ्या आर्टिकलशिपच्या मुलांना कळतं, पण साहेबांना सांगणार कोण?

तुम्ही म्हणाल, माझं मला कळेलच की. इथेच खरी गोम आहे. 2003 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. धडधाकट माणसांना सलग 14 दिवस रोज ठरावीक तासच झोपू दिलं. कोणाला चार, कोणाला सहा, कोणाला आठ. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची एकाग्रता अखेरीस इतकी घसरली, की एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाशी तुलना व्हावी. आणि आपण एवढे ढेपाळलो आहोत, हे त्यांचं त्यांना फारसं जाणवतच नव्हतं. थोडी पेंग येते, बाकी ठीक आहे, असंच त्यांना वाटत होतं.

तुम्ही ऑडिटला जाता तेव्हा मॅनेजमेंटकडून लेखी रिप्रेझेंटेशन, म्हणजे 'सगळं बरोबर आहे' असं निवेदन, घेता. पण तेवढ्यावर सही करता का? ऑडिटचं मानक एसए 580 स्पष्ट सांगतं, नुसतं रिप्रेझेंटेशन म्हणजे पुरेसा पुरावा नव्हे. मग 'मी ठीक आहे' हे स्वतःचं रिप्रेझेंटेशन तुम्ही वर्षानुवर्षं कसं काय मान्य करता? त्यातही जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञ साबीने सोनेंटाग यांनी एक विरोधाभास दाखवला आहे. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, तोच ती सर्वांत कमी घेतो. ताण वाढला की आधी व्यायाम सुटतो, मग वेळेवर जेवण, मग झोप.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की दमल्यासारखं वाटलं की थांबेन हा नियम तुमच्या कामाचा नाही. ती जाणीव उशिरा येते. थांबणं घड्याळाला बांधा, आणि ते सीझनमध्येच बांधा.

सगळ्यात आधी संध्याकाळ. दिवसाचं काम बंद करायची तुमची पद्धत काय? बहुतेकांची अशी: पोर्टल हँग झालं, डोळे मिटायला लागले, लॅपटॉप तसाच उघडा ठेवून घरी. मग रात्री दोनला जाग येते आणि अमक्याच्या टॅक्स ऑडिटच्या थ्री सीडी फॉर्ममधलं क्लॉज 44 राहिलं, हे छताकडे बघत आठवतं. अर्धवट कामं डोक्यात घोळत राहतात. पण ते काम कधी आणि कसं करायचं हे ठरलं, की घोळणं बरंच कमी होतं, काम पूर्ण झालेलं नसलं तरी. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात 2018 साली 57 तरुणांवर एक छोटा प्रयोग झाला. निम्म्यांनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. पुढच्या कामांची यादी करणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. प्रयोग लहान आहे, त्यावर फार मोठा मजला चढवू नका. पण खर्च काय, पाच मिनिटं आणि एक पॅड.

यादी कशी लिहायची, तेही बघा. 'ट्रेडिंग कंपनीचं ऑडिट' असं लिहून उपयोग नाही, ते वाचून उलट धडकीच भरते. 'थ्री सीडी, क्लॉज 44: जीएसटी नोंदणी नसलेल्यांचा खर्च वेगळा काढलेला नाही. शीट आर्टिकलकडे. उद्या 11 वाजता घेऊन बसायचं.' हे असं. मग टेबलावरची फाइल मिटायची आणि दिवा घालवायचा. हे रोज एकाच वेळी. तुमची वेळ रात्री साडेआठ असेल तर साडेआठ, मी सहाचा आग्रह धरणार नाही.

मग दुपार. तुमच्यापैकी किती जण कीबोर्डशेजारी डबा उघडतात? (हशा.) डाव्या हातात पोळीभाजी, उजव्या हातात माऊस, आणि आमटीचा एक थेंब बॅलन्स शीटवर. छोट्या विश्रांतीवरच्या बऱ्याच प्रयोगांचा एकत्रित आढावा 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. दहा मिनिटांपर्यंतच्या विरामाने थकवा कमी होतो, तरतरी येते, हे त्यात दिसलं. पण डोकं शिणवणाऱ्या कामात, म्हणजे तुमच्या कामात, कामगिरी सुधारायला तेवढी मिनिटं पुरली नाहीत. म्हणून चहाचे दोन विराम छोटे चालतील, जेवणाचा मात्र खरा हवा. दुसऱ्या खोलीत, स्क्रीनशिवाय, शक्यतो कोणाबरोबर तरी. चहाचं निघालंच आहे तर, कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊचा कटिंग तुमच्याबरोबर अंथरुणात येतो.

फोनचा प्रश्न अवघड आहे, तो मी सोपा करून सांगणार नाही. फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात नसण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये त्यासाठी खासगी विधेयक आणलं होतं. पण हे सगळं नोकरदारांसाठी. एकट्याची प्रॅक्टिस असलेल्याला क्लायंटपासून कुठला कायदा वाचवणार? 'सर, फक्त दोन मिनिटं' हा रात्री साडेनऊचा मेसेज येणारच. त्यातले बहुतेक तातडीचे नसतात, हे तुम्हाला माहीत आहे. ज्यांना जमलंय त्यांच्याकडे मला दिसतं ते असं: परतीच्या फोनच्या दोन वेळा ठरलेल्या, त्या क्लायंटला माहीत असलेल्या, आणि रात्रीच्या मेसेजला एकच ठरलेलं उत्तर, 'उद्या सकाळी 11 ला फोन करतो.' आणि 11 ला खरोखर फोन. दुसरा भाग पाळला नाही तर पहिला टिकत नाही. क्लायंट रात्री मेसेज करतो तो बहुधा दिवसा उत्तर मिळत नाही म्हणून.

कामापासून मन सुटणं, शांत बसणं, काहीतरी शिकणं किंवा जमवणं, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं, या चार वाटांनी माणूस ताजा होतो असं सोनेंटाग आणि त्यांच्या सहकारी फ्रिट्झ यांनी 2007 मध्ये मांडलं. आपण बहुतेक जण दुसऱ्या वाटेवरच थांबतो, म्हणजे सोफ्यावर आडवं होऊन रील्स. त्याने मन कामापासून सुटत नाही, कारण हातात फोन तोच, ज्यावर क्लायंट आहे. याउलट गणपतीतली आरती बघा. 2025 मध्ये 27 ऑगस्ट ते 6 सप्टेंबर, ऐन सीझनात गणपती. हातात टाळ असतात, त्यामुळे फोन धरताच येत नाही. 'घालीन लोटांगण' होईपर्यंत कोणी जागेवरून हलत नाही. वीस मिनिटं अख्खं घर एका ठेक्यात. मला श्रद्धेविषयी काही म्हणायचं नाही, मी हातांविषयी बोलतेय. तबला, भजनी मंडळ, बॅडमिंटन, कणीक मळणं, जे हात गुंतवून ठेवतं आणि ठरल्या वेळी होतं, ते सीझनमध्ये टिकतं.

आणखी एक अभ्यास सांगते, तो डॉक्टरांवरचा आहे. मेयो क्लिनिकमध्ये 2009 साली दिसलं, की जे डॉक्टर आपल्याला सर्वांत अर्थपूर्ण वाटणाऱ्या कामाला निदान 20 टक्के वेळ देत होते, त्यांच्यात बर्नआउटचं प्रमाण जवळपास निम्मं होतं. म्हणजे पाच दिवसांतला एक दिवस. बाकी चार दिवस रटाळ असले तरी चालतं. तुमचा तो पाचवा दिवस कुठला? अपिलाचा मसुदा, नव्या उद्योजकाला धंदा समजावणं, आर्टिकलना शिकवणं? गंमत म्हणजे गर्दीच्या दिवसांत नेमकं हेच काम आपण दुसऱ्याकडे सोपवतो आणि ओटीपी मागत बसायचं काम स्वतःकडे ठेवतो.

आता याच्या मर्यादा. पाच मिनिटांची यादी आणि आरती यांनी 80 तासांचा आठवडा पचत नाही. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून जो अंदाज मांडला, त्यात आठवड्याला 55 तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त होता. आठवड्याला 70 आणि 90 तास काम करा, अशी भाषणं ऐकताना हा आकडा शेजारी ठेवा. तुमच्या संस्थेने एका सीएला वर्षाला 60 टॅक्स ऑडिटची मर्यादा घातली आहे. ते कमाल आहे, टार्गेट नव्हे. आणि समोर बसलेल्या पार्टनर मंडळींनो, तुमचे आर्टिकल रात्री अकराला ऑफिसात असतील तर त्यांना ध्यानधारणेचं शिबिर देऊ नका, घरी पाठवा.

दुसरं, सगळाच थकवा बर्नआउट नसतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-12 एकदा तपासून घ्या. कामच नकोसं वाटतंय, पण रविवारी क्रिकेट बघताना जीव रमतो, हे एक. कशातच रमत नाही, पहाटे तीनला जाग येते, जगणं नको वाटतं, हे अगदी वेगळं. तिथे सवयी नाहीत, डॉक्टर लागतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, एकच घेते. "मॅडम, मी एकटाच प्रॅक्टिस करतो. ऑफिस बंद कर असं मला सांगणारं कोणी नाही. काय करू?"

तुमच्याच इमारतीत दुसरा एखादा सीए, वकील, आर्किटेक्ट असेल ना? त्याच्याशी ठरवा. साडेआठला जो आधी आवरेल त्याने दुसऱ्याच्या दारात येऊन उभं राहायचं. 'तू हो पुढे, मी आलोच' हे चालणार नाही. शटर दोघांनी मिळून ओढायचं. आणि मुदतवाढीचं सर्क्युलर ज्या दिवशी येईल, त्या दिवशी साडेसातलाच.