दाराशी बसलेला कुबेर

(दृश्य : पितळखोऱ्याची दरी, वरून उतरणाऱ्या पायऱ्या)

कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या रानात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. वेरूळला बसगाड्या भरून माणसं येतात, इथं माणसांपेक्षा माकडंच जास्त भेटतात.

1950च्या दशकात इथला दगडमातीचा ढिगारा उपसताना एक ठेंगणा, ढेरपोट्या यक्ष सापडला. अंगावर दागिने, डोक्यावर वाडगं आणि गालभर हसू, अडकलेली उधारी आत्ताच वसूल झाल्यासारखं. त्याच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला ब्राह्मी लिपीत कोरलंय, की हा कण्हदास सोनारानं घडवला. दोन हजार वर्षांपूर्वीचा सोनार, नावानिशी! मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

यक्ष ही कुबेराची माणसं. जमिनीतल्या धनावर त्यांचा पहारा. राजी असले तर भरभराट, बिनसलं तर धंदा बसलाच म्हणून समजा. अशा देवाला सांभाळून राहणार कोण? व्यापारी. पितळखोऱ्याच्या खांबांवर पैठणच्या दात्यांची नावं आहेत. त्यातला एक मितदेव, सुगंधी द्रव्यं विकणाऱ्या गांधिक घराण्यातला.

(दृश्य : पैठण, गोदावरीचा घाट, मग तेर)

पैठण आणि तेर या त्या काळच्या मोठ्या पेठा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय, की पैठणचे रंगीत खडे आणि तेरचं कापड गाड्यांत घालून भडोच बंदरात नेतात, आणि वाटेत मोठाल्या मुलखात रस्ताच नाही. मराठवाड्यातल्या रस्त्यांची तक्रार इतकी जुनी आहे! अशा वाटेवर माल सुखरूप पोचला, तर नशिबाच्या देवाला काहीतरी द्यावंसं वाटणारच.

(दृश्य : अजिंठा, लेणं क्रमांक 2)

पण सगळं सोडून आलेल्या भिक्खूंच्या विहारात पैशाच्या देवाचं काय काम? त्यालाही जागा मिळाली, फक्त बाजूची. गाभाऱ्यात बुद्ध. उजव्या अंगाच्या छोट्या खोलीत धनाचा यक्ष पांचिक आणि त्याची बायको हारीती. ही हारीती आधी राजगृहातली लेकरं खायची. बुद्धानं तिचंच धाकटं लेकरू लपवलं, तेव्हा तिला आईचं दुःख कळलं आणि ती लेकरांची राखणदार झाली.

इथं घाई करू नका. मूर्तींच्या खाली बघा. पोरांची रांग आहे, मेंढ्यांची झुंज लावलीय आणि एका टोकाला हातात छडी घेतलेले गुरुजी. भिंतींवर पूजेला आलेल्या बायका रंगवल्यात, लेकरं सोबत घेऊन. धनाच्या देवापुढं आल्यात खऱ्या, पण त्यांचं मागणं पैशापुरतं नसावं. पोर जगणं हीच त्या काळी मोठी दौलत. मला तरी या खोलीत पांचिकापेक्षा हारीतीचाच दरारा जाणवतो.

(दृश्य : वेरूळ, लेणं क्रमांक 32)

वेरूळच्या जैन लेण्यात हाच धनाचा देव हत्तीवर बसलाय, डोक्यावर वडाची सावली. हत्ती बघून लोकांनी त्याला इंद्र ठरवलं आणि लेण्याचं नाव पडलं इंद्रसभा. अभ्यासक त्याला सर्वानुभूती म्हणतात, जैनांचा कुबेर. इथंही मान तीर्थंकरांचा, हा सेवेकरी.

(दृश्य : दिवाळी, मोंढ्यातलं आडत दुकान)

लातूरच्या मोंढ्यात लक्ष्मीपूजनाला वह्या मांडतात. चौरंगावर मधोमध लक्ष्मी, शेजारी गणपती. कुबेर असलाच तर एखाद्या फोटोत, कडेला, नाहीतर तिजोरीवर चिकटवलेल्या यंत्रात. पाडव्याला मुहूर्ताचा सौदा निघतो. सोयाबीनला भाव चांगला लागला तर पेढे वाटतात. पडला, तर शेतकरी कुबेराच्या वाटेला जात नाही, सरळ आडत्याला धरतो.