लाइम रॉकचा मुका रविवार

(दृश्य: पहाटेचं दव. डोंगरउतारावरचं गवत, खाली रिकामा डांबरी ट्रॅक. दुरून चर्चची घंटा.)

आज इथे एकही इंजिन गरजणार नाही. काल संध्याकाळपर्यंत कानठळ्या बसत होत्या, उद्या सकाळी पुन्हा बसतील. आज मात्र रविवार आहे.

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात, वायव्य कोपऱ्यातल्या टेकड्यांमध्ये लाइम रॉक पार्क हा ट्रॅक आहे. तो १९५७ साली सुरू झाला आणि दोन वर्षांतच शेजारचे रहिवासी कोर्टात गेले. १९५९ साली कोर्टाने रविवारच्या शर्यतींना मनाई केली, ती आजतागायत कायम आहे. त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेच्या सुट्टीला जोडून जुन्या गाड्यांचा मेळा भरतो तेव्हा शुक्रवार, शनिवार आणि सोमवार धावायचे. रविवारी ट्रॅकच्या कडेने गाड्या नुसत्या मांडून ठेवायच्या, लोकांनी त्या पाहत फिरायचं.

प्रेक्षकांचा तो सहलीचा दिवस. हौशी ड्रायव्हरच्या दृष्टीने मात्र तीन दिवसांतल्या शर्यतीचा निकाल बराचसा याच दिवशी ठरतो.

(दृश्य: पॅडॉक, म्हणजे गाड्या उभ्या करून दुरुस्त करायची जागा. ताडपत्रीखाली गडद हिरवी एमजीबी, बॉनेट उघडं. टॅपेट कव्हर काढून फडक्यावर ठेवलेलं.)

ही गाडी एमजीबी, एक स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या जातीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुतांश अमेरिकेला गेल्या. इथल्या हौशी मंडळींच्या हाती ब्रिटिश गाडी दिसते ती त्यामुळे. स्वस्तात मिळायची, पार्ट मिळायचे आणि अजूनही मिळतात.

इंजिन १,७९८ सीसी, चार सिलिंडर, बी-सीरीज. हे नाव अनोळखी वाटेल, पण इंजिनाचं घराणं आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. जुन्या ॲम्बॅसेडरचं १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. एकेकाळी लाल दिवा लावून मंत्रालयात शिरणाऱ्या गाडीचा हा धाकटा, जरा उनाड भाऊ. ॲम्बॅसेडरचे टॅपेट सेट केलेल्या मेकॅनिकला इथे नवं काही शिकावं लागणार नाही.

टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांमधली फट, इंजिन थंड असताना बघायचा: १५ थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिलिमीटर. शनिवारच्या शर्यतीनंतर रात्रभर थंड झालेलं इंजिन रविवारी सकाळी आयतंच मिळतं. कोर्टाचा हा हुकूम मेकॅनिकच्या पथ्यावरच पडला म्हणायचा.

(दृश्य: अगदी जवळून. फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, पाती रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे सरकते.)

आधी चारही प्लग काढून घ्यायचे, म्हणजे इंजिन हाताने फिरतं. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच पुढे ढकलली तरी चालतं. व्हॉल्व्ह आठ आहेत, पुढून मागे १ ते ८. त्यांचं गणित सोपं आहे, बेरीज नऊ यायला हवी. १ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की ८ नंबरचा गॅप बघायचा. २ दाबला की ७, ३ दाबला की ६, आणि असंच उलटही. पाती सरकताना बोटाला किंचित ओढ जाणवली पाहिजे. लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली तर गॅप सैल आहे. ढकलावी लागली तर घट्ट.

लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पाती पुन्हा घालून बघायची. घाईत हीच पायरी गाळली जाते. हेडचे (इंजिनाच्या वरच्या भागाचे) नट आवळायचे असतील तर ते टॅपेटच्या आधी, ४५ ते ५० फूट-पाउंडांवर. हेड बसलं की गॅप बदलतो, त्यामुळे क्रम उलटा केला तर सगळं काम परत.

सैल टॅपेट टिकटिकतो, ऐकू येतो. घट्ट झालेला आवाज करत नाही आणि घात तिथेच होतो. व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि त्याची कड जळते. म्हणून वाजणाऱ्या टॅपेटला मेकॅनिक घाबरत नाहीत.

(दृश्य: शुक्रवार सकाळ. ट्रेलरवरून गाड्या उतरताहेत.)

आता दोन दिवस मागे जाऊ. हौशी ड्रायव्हरचा वीकेंड सुरू होतो तपासणीच्या रांगेत. तपासनीस चाक वर-खाली धरून हलवतो, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर हात ठेवून. चाक डुगडुगलं तर कुणीतरी ब्रेक दाबून धरायचा. डुगडुग थांबली तर दोष बेअरिंगचा. तरीही हलत असेल तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती खीळ, गेली. एमजीबीच्या पुढच्या किंगपिनला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत आणि ग्रीस भरायचं ते गाडी जॅकवर उचलून, चाकावरचं वजन काढून. वजन असताना पंप मारला तर ग्रीस नको त्या बाजूने बाहेर येतं आणि हवं तिथे पोचत नाही.

पुढच्या हबची, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाची, गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. दोन बेअरिंगांच्या मधे एक पोकळ स्पेसर असतो आणि शिम, म्हणजे पातळ चकत्या, लावून त्यात दोन ते चार थाउंची ढिलाई ठेवायची असते. हे शिम मोजत बसायचा कंटाळा येतो. त्यामुळे काही जण स्पेसर काढूनच टाकतात आणि साध्या गाडीसारखा नट अंदाजाने आवळतात. पण तो स्पेसर नुसता अंतर राखायला नाही. नट नीट आवळला की स्पेसर आणि त्याच्या आतला स्टब ॲक्सल (चाकाचा आखूड आस) मिळून एक जाड दांडा होतो. स्पेसर काढला की वळणावरचा सगळा भार एकट्या स्टब ॲक्सलवर येतो, तो वाकू लागतो आणि शेवटी तडकतो. रस्त्यावर हे कदाचित वर्षानुवर्षं खपून जाईल. रेसिंग टायर लावल्यावर खपत नाही.

मग तारांच्या चाकांची पाळी. मधोमध एकच मोठा पाखांचा नट, तो तांब्याच्या हातोडीने ठोकून आवळायचा. डाव्या बाजूचे आटे सरळ, उजव्या बाजूचे उलटे. लक्षात ठेवायची खूण अशी, की गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने नट सुटतो, उलट दिशेने आवळतो. हब चुकून इकडचे तिकडे बसवले तर नट धावता धावता आपोआप उलगडत जाईल. गाडी सोडताना किंवा ब्रेक मारताना चाकातून ‘टक्’ आवाज आला तर हबचे दाते झिजलेत. तेव्हा नट आवळत बसण्यात अर्थ नाही, हब आणि चाक दोन्ही बदलायचे.

ब्रेक ऑईल दर शर्यतीआधी नवं. डॉट ४ प्रतीच्या ऑईलला ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळी येता कामा नये, पण पाणी शोषलं की हाच किमान आकडा १५५ वर येतो. पुढे डिस्क लाल व्हायच्या बेतात असताना हा फरक पायाला कळतो, पेडल थेट फ्लोअरला टेकतं. मागे ड्रम आहेत. त्यांचा चौकोनी ॲडजस्टर चाक जाम होईपर्यंत आवळायचा आणि मग चाक मोकळं फिरेपर्यंतच मागे घ्यायचा.

(दृश्य: ट्रॅकचा वरून नकाशा. वळणं एकेक करून उजळतात.)

लाइम रॉक छोटा आहे. जेमतेम दीड मैल, म्हणजे २.४ किलोमीटर. वळणं सात आणि त्यांतलं डावं फक्त एक. बाकी सगळी उजवी. यातून गाडीच्या दोन गोष्टी ठरतात.

पहिली, टायर. सगळा भार डाव्या बाजूच्या टायरांवर. सेशन संपवून गाडी आत आली की लगेच, टायर थंड होण्याआधी, आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी सुईचा तापमापक टोचायचा. मध्य जास्त गरम म्हणजे हवा जास्त. बाहेरची कड फार गरम म्हणजे गाडी कलताना टायर कडेवर चढतोय, कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकणारा कोन, वाढवायला हवा. फक्त उजव्या टायरांचे आकडे बघून समाधान मानणारा इथे फसतो.

दुसरी, ऑईल. मुख्य सरळ पट्टी संपली की बिग बेंड येतं, लांबच लांब उजवं वळण. तिथे संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं, ऑईल डाव्या भिंतीवर चढून बसतं. पिकअप (पंपाचं ऑईल ओढणारं तोंड) उघडा पडला की पंप हवा ओढतो आणि प्रेशरचा काटा खाली येतो. गरम इंजिनाचं प्रेशर धावताना ५० ते ८० पीएसआय हवं. वळणाच्या मधे काटा पडला तर रेसवरचा (ॲक्सिलरेटरवरचा) पाय उचलायचा, तिथल्या तिथे. बेअरिंगला ऑईलविना दोन सेकंदही फार होतात. उपाय म्हणजे संपमध्ये आडवे पत्रे, म्हणजे बॅफल. नुसतं अर्धा लिटर जास्त भरणं हा अर्धामुर्धा उपाय आहे. जास्तीचं ऑईल क्रँक घुसळतो, फेस होतो, आणि ब्रीदरमधून (इंजिनाची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) कॅच टँकमध्ये, म्हणजे ते गोळा करायच्या डब्यात, येऊन पडतं.

ऑईल २०डब्ल्यू-५०, पण डबा उचलण्याआधी त्यात झिंक पुरेसं आहे का ते बघायचं. या इंजिनाचे कॅम (व्हॉल्व्हना हलवणारे उंचवटे) आणि टॅपेट एकमेकांवर घासत चालतात, रोलर नाहीत. आजच्या गाड्यांच्या ऑईलमध्ये झिंक कमी असतं आणि ते या कॅमला पुरत नाही.

बिग बेंडनंतर एकुलतं एक डावं, मग उजवं, मग नो नेम स्ट्रेट. नाव नसलेल्या पट्टीचं नावच ते. त्यानंतर चढावरचं वळण. माथ्यावर गाडी हलकी होते, आतलं मागचं चाक रबर जाळत नुसतं फिरतं. मागे पाटे आणि अखंड ॲक्सल, त्यामुळे दणका बसला की पूर्ण ॲक्सल थडथडतो. मग वेस्ट बेंड आणि शेवटी डाउनहिल.

या उतारावर नवखे गिरक्या खातात. उतार, उजवं वळण आणि तळाशी गाडी जमिनीत दाबली जाते. पोटात गोळा येतो, पाय रेसवरून आपसूक उचलला जातो. तेवढ्याने वजन पुढे जातं, मागची चाकं पकड सोडतात आणि गाडी गवतात. वेग कमी करायचा तो वळणाआधी. एकदा आत शिरलं की पाय स्थिर.

(दृश्य: शनिवार. रोलिंग स्टार्ट, मग गाड्यांची रांग.)

शर्यत साधारण वीस मिनिटांची. बक्षिसाची रक्कम नाही. पुढच्या गाडीला घासून वाट काढणाऱ्याला इथे थारा नाही. बऱ्याच क्लबांत १३/१३ म्हणून ओळखला जाणारा नियम आहे. ज्याच्या चुकीने पत्रा लागला त्याच्यावर १३ महिन्यांची बंदी किंवा तेवढेच महिने त्याच्या वागण्यावर नजर, क्लबागणिक तपशील वेगळा. साठ वर्षांपूर्वीचा मडगार्ड पुन्हा ठोकून सरळ करणं सोपं नसतं, हे सगळ्यांनाच माहीत असतं.

गाड्या बंद पडतात त्या मात्र फुटकळ वस्तूंमुळे. थंड असताना सुरळीत, गरम झाल्यावर मिसिंग (इंजिनाचा ठोका चुकणं), थोडं थांबलं की पुन्हा चालू, असं झालं तर आधी कंडेन्सर, म्हणजे स्पार्कच्या यंत्रणेतला छोटा भाग, बदलायचा. झटक्यात ठार बंद पडली तर रोटर, म्हणजे प्लगांना स्पार्क वाटणारा फिरता तुकडा. हल्लीच्या काही रोटरमध्ये मधोमध रिव्हेट असतो, त्यातून स्पार्क खाली शाफ्टला निघून जातो आणि प्लगपर्यंत पोचतच नाही. बिनरिव्हेटचा रोटर आणि एक जास्तीचा कंडेन्सर खिशात मावतात. ते घरी विसरणाऱ्याचा पूर्ण वीकेंड त्यावर जातो.

(दृश्य: इग्निशनची किल्ली फिरते. मागून ‘टक टक टक’.)

हा आवाज पेट्रोल पंपाचा, गाडीच्या मागच्या भागातून येतो. किल्ली फिरवली की टकटक, कार्बोरेटर भरले की शांत. थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी गळतंय. आवाजच नसेल तर आतले पॉइंट (विजेचे संपर्क) चिकटलेत. हातोडीच्या दांड्याने पंपाला हलकी टिचकी मारली की बहुधा चालू होतो, पण ती उसनवारी झाली. पॉइंट साफ करायचे ते रविवारी.

रविवारी कार्बोरेटर सेट होत नाहीत, कारण त्यासाठी इंजिन चालू आणि गरम लागतं. ते सोमवारी सकाळी, पहिल्या सेशनआधी. एसयू बनावटीच्या दोन कार्बोरेटरांपैकी एकाचा पिस्टन खालच्या पिनने जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलायचा. इंजिनाचे फेरे वाढले आणि वाढलेलेच राहिले तर पेट्रोल जास्त. इंजिन पडायला लागलं तर कमी. क्षणभर किंचित चढून पूर्ववत झालं तर बरोबर. जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या नळीचा) नट एका वेळी एकच पैलू फिरवायचा. खाली नेला की पेट्रोल वाढतं, वर नेला की कमी होतं.

(दृश्य: सोमवार दुपार. चेकर्ड फ्लॅग. गाड्या हळू हळू आत येतात.)

शेवटच्या फेरीनंतर एक फेरी संथ, ब्रेक शक्यतो न लावता, म्हणजे डिस्क आणि ड्रम वाऱ्यावर निवतील. पॅडॉकमध्ये थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या ड्रमला ब्रेक शू चिकटून बसतात. चाकाला लाकडाची पाचर लावायची. मग ट्रेलर. पट्टे बांधायचे ते ॲक्सलला, तारांच्या चाकातून ओवायचे नाहीत, नाहीतर घरी पोचेपर्यंत दोन-चार तारा सैल.

मग वही निघते. टायरचे तीन-तीन आकडे, ऑईल किती प्यायलं, टॅपेट कुठले सरकले होते, इंजिन एकूण किती तास चाललं. ८ नंबरचा गॅप रविवारी दोन थाउ घट्ट निघाला होता, त्याखाली रेघ.

बॅटरीचा कट-ऑफ स्विच फिरतो. ताडपत्री गाडीवर.